चेंडू आधी, सॉफ्टवेअर नंतर

बारावीची परीक्षा आटोपली की सुट्टीत एक प्रश्न हमखास कानावर येतो. "मला कार्टून करायचंय. घरी लॅपटॉप आहे. कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? फार पैसे नाहीत." कधी मुलगी स्वतः विचारते, कधी तिचे बाबा. बाबांच्या प्रश्नाला एक पुरवणी असते : "फुकटातल्यावर शिकली तर पुढे नोकरीला चालेल ना?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींची उत्तरं या प्रकरणात येतील. पण त्याआधी एक गाठ सोडवायला हवी. भांड्यांच्या दुकानात जाऊन "चांगलं भांडं कोणतं?" असं आपण विचारत नाही. भाकरी करायची तर तवा लागतो, इडली करायची तर इडलीपात्र. ॲनिमेशनचंही तसंच आहे. काय रांधायचंय ते कळलं, की भांडं निवडणं सोपं होतं.

१. एका सेकंदात किती चित्रं?

शाळेत असताना वहीच्या कोपऱ्यात पानागणिक थोडं थोडं बदललेलं चित्र काढून पानं भराभर सोडण्याचा खेळ बहुतेकांनी केलेला असतो. द्विमित ॲनिमेशनचा पाया तोच. सिनेमात एका सेकंदात २४ चित्रं डोळ्यांसमोरून जातात. या प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) करण्याच्या आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम टिपून पडद्यावर दाखवली होती, आणि पुढे 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात काड्या हलवल्या त्याही अशाच, एकेक फ्रेम करून.

आता हिशेब करू. अर्ध्या मिनिटाची फिल्म म्हणजे ३० गुणिले २४, म्हणजे ७२० फ्रेम. हाताने काम करणारे लोक बहुधा एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवतात, डोळ्याला ते खटकत नाही. म्हणजे ३६० चित्रं. एका चित्राला १० मिनिटं धरली तर ६० तास. रोज दोन तास बसलं तर एक महिना. तोही फक्त रेघांचा, रंग वेगळे.

या हिशेबातून निवडीची पहिली कसोटी मिळते. एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये नवं रिकामं पान घ्यायला, मागचं चित्र दिसायला लावायला, पुढे-मागे करायला दर चित्रामागे १० सेकंद जास्त लागले, तर ३६० चित्रांत पूर्ण एक तास नुसत्या क्लिकमध्ये जातो. रोजच्या तीन-चार क्रिया किती चटकन होतात, ते जाहिरातीतल्या शंभर सोयींपेक्षा महत्त्वाचं आहे.

२. पडणारा चेंडू

सॉफ्टवेअर उघडण्याआधी हा प्रयोग कागदावर करून बघा. पट्टी, पेन्सिल आणि १८ सेंटिमीटरची एक उभी रेघ एवढंच लागतं.

हातातून सुटलेला चेंडू अर्ध्या सेकंदात साधारण चार फूट खाली येतो. अर्धा सेकंद म्हणजे १२ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तर सहा टप्पे. तुमची रेघ हेच ते चार फूट समजा आणि तिचे सहा टप्पे पाडा.

पहिल्या प्रयत्नात बहुतेक जण सारखे टप्पे पाडतात, तीन-तीन सेंटिमीटरचे. ही चित्रं भराभर बघितली तर चेंडू पडत नाही, लिफ्टसारखा खाली उतरतो. आता टप्पे असे पाडा : अर्धा, दीड, अडीच, साडेतीन, साडेचार आणि साडेपाच सेंटिमीटर. बेरीज तीच, १८. पण आता चेंडूला वजन आलं. वरून सुटताना तो रेंगाळतो आणि जमिनीजवळ सुसाट येतो. एक, तीन, पाच, सात हे विषम आकड्यांचं प्रमाण पडणाऱ्या वस्तूंसाठी गॅलिलिओने दाखवून दिलं होतं, ॲनिमेटर रोज त्याच्यावर जगतात.

यातून दोन शब्द समजून घ्यायचे. चेंडू किती फ्रेममध्ये खाली आला, हे टायमिंग. मधली अंतरं कशी पाडली, हे स्पेसिंग. दोन्ही चेंडूंचं टायमिंग एकच होतं, फरक स्पेसिंगचा होता. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली आपल्या पुस्तकात ॲनिमेशनची बारा तत्त्वं मांडली. त्यांतली काही मुळात या दोन शब्दांभोवतीच फिरतात. जगातलं सगळ्यात महाग सॉफ्टवेअर घेतलं तरी ही अंतरं तुमच्यासाठी ते ठरवून देत नाही.

३. हलवण्याच्या तीन रीती

पहिली रीत वहीच्या कोपऱ्याची. प्रत्येक चित्र नव्याने काढायचं. कष्टाची, पण सगळ्यात मोकळी. पदर उडणं, पाणी उसळणं, चेहरा रडवेला होत जाणं, हे या रीतीत जसं येतं तसं दुसरीकडे येत नाही. इथे सॉफ्टवेअरकडून दोनच मागण्या : रेघ हाताबरोबर चालली पाहिजे आणि मागचं-पुढचं चित्र फिकट दिसलं पाहिजे. या फिकट दिसण्याला अनियन स्किन म्हणतात. कांद्याच्या पातळ पापुद्र्यातून पलीकडचं दिसावं तसं.

दुसरी रीत कळसूत्री बाहुलीची. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने ही कला पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे, आणि परशुराम गंगावणे यांना तिच्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. बाहुलीचं डोकं वेगळं, हात वेगळे, सगळे सांध्यांना जोडलेले. सूत्र ओढलं की हात उचलला जातो. संगणकावरही असंच करतात. पात्र एकदाच, तुकड्या-तुकड्यांनी काढायचं, सांधे जोडायचे, मग प्रत्येक फ्रेमला नुसतं वळवायचं. या जोडणीला रिग म्हणतात. तेच पात्र भागामागून भाग येणार असेल, तर ही रीत वेळ वाचवते. एका मिनिटाच्या एकाच फिल्मसाठी मात्र रिग करण्यातच आठवडा जातो. नवशिके विद्यार्थी इथे फार फसतात.

तिसऱ्या रीतीत तुम्ही सुरुवातीचं आणि शेवटचं चित्र देता, मधली चित्रं सॉफ्टवेअर भरतं. याला ट्वीनिंग म्हणतात. अक्षरं सरकवणं, नकाशावर बाण पुढे नेणं, शास्त्राची आकृती हलवणं, याला ही रीत उत्तम. पण सॉफ्टवेअर मधली अंतरं सरळ सारखी भरतं, तेव्हा तुमच्या हाती तो लिफ्टसारखा चेंडू येतो. मग ईझ नावाच्या सोयीने वेगाची रेघ वाकवून विषम टप्पे आणावे लागतात. कागदावर ज्याने ते एकदा पाडलेत, त्याला ही रेघ पाहताक्षणी कळते.

४. मॅटीवरचे टाके आणि शिंप्याचा बेत

लॅपटॉप जुना असेल तर हा भाग सावकाश वाचा.

संगणक चित्र दोन तऱ्हांनी लक्षात ठेवतो. पहिली तऱ्हा मॅटीच्या कापडावरच्या टाक्यांची : चौकटी-चौकटींत रंग भरलेले. लांबून मोर दिसतो, जवळून टाके. याला रास्टर म्हणतात. दुसरी तऱ्हा शिंप्याच्या बेतासारखी : इथून इथवर रेघ, इथे एवढं वळण. बेत लहानाचा मोठा केला तरी कड फाटत नाही. याला व्हेक्टर म्हणतात. रास्टरमध्ये ब्रशचा ओलावा आणि पेन्सिलचा खरखरीतपणा येतो. व्हेक्टरची रेघ स्वच्छ आणि फाइल हलकी.

हलकी म्हणजे किती? नेहमीच्या फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८० चौकटी, म्हणजे २० लाख ७३ हजार ६००. प्रत्येक चौकटीचा रंग आणि पारदर्शकता लिहायला ४ बाइट. एका फ्रेमला सुमारे ८ एमबी झाले. एका सेकंदाला २०० एमबी. दहा सेकंद अडखळत न चालवता बघायचे, तर ती सगळी चित्रं मेमरीत धरून ठेवावी लागतात, म्हणजे जवळपास २ जीबी. आठ जीबीच्या लॅपटॉपवर विंडोज आणि ब्राउझरने आधीच आपापला वाटा घेतलेला असतो. त्यात उत्साहाने फोर-के आकार निवडला तर आकडा चौपट.

म्हणून रास्टरमध्ये काम करताना फिल्मचे शॉटप्रमाणे तुकडे करायचे. प्रत्येक शॉटची फाइल वेगळी, पाच-सात सेकंदांची. सराव तर १२८० गुणिले ७२० मध्येही छान होतो. मशीन रखडतंय म्हणून नवा लॅपटॉप मागण्याआधी एवढं करून पाहा.

५. फुकट म्हणजे काय?

"फ्री" या एका शब्दाखाली तीन वेगळे प्रकार विकले जातात. एक, ठरावीक दिवसांपुरतं फुकट. मुदत संपली की दार बंद. दोन, अर्धवट फुकट. फिल्मवर शिक्का उमटतो किंवा लेअर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवायचे थर, मोजकेच मिळतात. तीन, मुक्त सॉफ्टवेअर. त्याची मूळ संहिता (सोर्स कोड) सगळ्यांना खुली, कोणीही वापरावं, कमाईसाठीही वापरावं.

ब्लेंडर या मुक्त सॉफ्टवेअरची गोष्ट इथे सांगायलाच हवी. ते ज्या कंपनीचं होतं ती बंद पडली, तेव्हा त्याचे कर्ते टॉन रोझेंडाल यांनी २००२ साली वापरणाऱ्यांकडेच हात पसरला. सात आठवड्यांत १ लाख युरो जमले, संहिता सोडवून घेतली गेली आणि कायमची खुली झाली. गावाने वर्गणी काढून विहीर बांधावी, तसं हे झालं. २०१९ मधला 'आय लॉस्ट माय बॉडी' हा फ्रेंच चित्रपट ब्लेंडरवर झाला. त्यातल्या रेघा ब्लेंडरमधल्या ग्रीस पेन्सिलने काढलेल्या आहेत आणि तो ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. लॅटव्हियातला 'फ्लो' त्रिमित आहे, पण तोही ब्लेंडरवरच झाला, आणि २०२५ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं.

ओपनटूंझचं घराणंही मोठं आहे. टूंझ हे मूळचं इटलीतलं सॉफ्टवेअर. जपानच्या स्टुडिओ जिब्लीने ते 'प्रिन्सेस मोनोनोके' (१९९७) पासून वापरलं आणि आपल्या कामासाठी घडवून घेतलं. २०१६ मध्ये ते ओपनटूंझ या नावाने मुक्त झालं. त्या स्टुडिओतलं हत्यार आज साताऱ्यातल्या मुलीला एक पैसा न देता मिळतं, याचा मला दर वेळी आनंद होतो.

६. मग कोणतं?

आता खरं उत्तर. हे माझं मत आहे, आणि ते मी मोकळेपणाने देतो.

पहिला महिना पेन्सिल२डी. हलकं, जुन्या मशीनवर चालणारं, बटणं मोजकी. त्यात फार काही नाही, आणि तेच त्याचं भूषण. चेंडू, डोळ्याची उघडझाप, चालणारा माणूस, एवढं इथे करा.

चित्रकलेचा हात असेल तर त्यानंतर क्रिटा. रंगवण्यासाठी जन्मलेलं सॉफ्टवेअर, २०१६ पासून त्यात ॲनिमेशनही आलं. ब्रश अप्रतिम. मेमरी मात्र वर सांगितली तशी खातं. एक सूचना : ते त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं, मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर पैसे पडतात. ते पैसे करणाऱ्यांच्याच मदतीला जातात, पण विद्यार्थ्याने ते द्यायलाच हवेत असं नाही.

पूर्ण फिल्म करायची असेल तर ओपनटूंझ. शिकायला अवघड आहे, हे आधीच सांगतो. पहिले चार-पाच दिवस आपण चुकीच्या खोलीत शिरल्यासारखं वाटतं. फ्रेम आडव्या नाहीत, एका उभ्या तक्त्यात मांडलेल्या असतात. त्याला एक्सशीट म्हणतात, आणि स्टुडिओतले कागदी तक्ते असेच असत. पण त्यातली एक सोय बघितली की लोक थांबतात. तिथे रंग चित्रात ओतलेला नसतो, पॅलेटमधल्या एका खणाशी बांधलेला असतो. ३०० चित्रं रंगवून झाली आणि शिक्षक म्हणाले, आजीचं लुगडं हिरवं नको, जांभळं हवं. पॅलेटमधला एक खण बदलला, की तीनशेच्या तीनशे चित्रांत लुगडं जांभळं. इतर ठिकाणी याच कामाला दोन रात्री जातात.

आकृत्या आणि अक्षरं हलवायची असतील, विज्ञानाचे व्हिडिओ करायचे असतील, तर सिनफिग. द्विमित पात्र त्रिमित घरात फिरवायचं असेल तर ब्लेंडर, पण ते पहिलं सॉफ्टवेअर म्हणून नको. ते समुद्र आहे. या मुक्त सॉफ्टवेअरपैकी अनेकांचे धडे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने भारतीय भाषांत केले आहेत, आणि त्यात मराठीही आहे.

फक्त फोन असेल तर फ्लिपाक्लिपवर सुरुवात करा. मोफत आवृत्तीत लेअर कमी आणि फिल्मवर शिक्का, पण सरावाला काही अडत नाही. चेंडूला शिक्क्याचा त्रास होत नाही.

७. पैसे द्यायचेच असतील तर

समजा एखादं सॉफ्टवेअर महिन्याला ८०० रुपये भाड्याने मिळतं. फार वाटत नाही. पण पदवीची चार वर्षं म्हणजे ४८ महिने, म्हणजे ३८ हजार ४०० रुपये. आणि भाडं थांबलं की सॉफ्टवेअर गेलं; तुमच्याच फाइली तुम्हाला उघडता येत नाहीत. त्याच पैशांतले तीन-चार हजार साध्या पेन टॅब्लेटवर घातले तर तुमच्या रेघेत पहिल्याच आठवड्यात फरक दिसतो. माउसने चित्र काढणं म्हणजे साबणाच्या वडीने सही करणं. म्हणून पहिला खर्च पेनवर, सॉफ्टवेअरवर नंतर.

पैसे देण्याआधी मर्यादा वाचा. क्लिप स्टुडिओ पेंट हे सुंदर सॉफ्टवेअर आहे, पण त्याच्या स्वस्त प्रो आवृत्तीत ॲनिमेशन २४ फ्रेमपुरतंच करता येतं. सिनेमाच्या वेगाने तो एक सेकंद झाला. त्यापुढे जायचं तर महागडी ईएक्स आवृत्ती. विद्यार्थी सवलत घेताना तीन प्रश्न विचारा : कॉलेजचा ईमेल लागतो का, त्यावर केलेलं काम विकता येतं का, आणि शिक्षण संपल्यावर फाइली उघडतील का?

आणि पेन ड्राइव्हवरून फिरणारी 'क्रॅक' आवृत्ती नको. तिच्यासोबत व्हायरस येतो, ती नेमकी सबमिशनच्या आदल्या रात्री रुसते, आणि एवढी चांगली मुक्त साधनं समोर असताना चोरीची गरजच उरत नाही.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर इथे देतो. स्टुडिओंत टून बूम हार्मनी, ॲडोबी ॲनिमेट, टीव्हीपेंट, मोहो अशी सॉफ्टवेअर चालतात, हे खरं. पण टाइमलाइन, लेअर, अनियन स्किन, रिग या कल्पना सगळीकडे त्याच आहेत. स्कूटर शिकलेल्याला दुसरी स्कूटर चालवायला नवा जन्म लागत नाही. शेवटच्या वर्षी कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा सवलतीच्या परवान्यावर हार्मनीवर दोन-तीन महिने हात बसवावा. निवड करणारे आधी शोरील, म्हणजे तुमच्या निवडक कामाची छोटी फिल्म, बघतात, आणि त्यात ते पात्राला वजन आहे का ते शोधतात.

८. मराठीसाठी दोन खास चाचण्या

पहिली अक्षरांची. सॉफ्टवेअरच्या मजकुराच्या जागी 'श्रीकृष्ण', 'क्षितिज', 'ज्ञानेश्वर' आणि 'किर्र' टाइप करून बघा. जोडाक्षर फुटलं, वेलांटी भलत्या बाजूला गेली, रफार अर्ध्यावर लटकला, तर श्रेयनामावली तिथे करू नका. इंकस्केपसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं नीट जुळवा, पारदर्शक पीएनजी चित्र करा आणि ते आणून लावा. फाइलींची आणि फोल्डरांची नावं मात्र रोमन अक्षरांत आणि आकड्यांत ठेवा. काही प्रोग्रॅम देवनागरी नावावर अडखळतात.

दुसरी चाचणी ओठांची. पात्र बोलतं तेव्हा आवाजाशी तोंडाचे आकार जुळवतात, त्याला लिपसिंक म्हणतात. शिकवण्यांत फिरणारे तोंडांचे तक्ते इंग्रजीवर बेतलेले असतात. आपल्याकडे वर्णमालाच तोंडातल्या जागांप्रमाणे लावलेली आहे. प-वर्ग म्हणजे ओठ मिटणं. 'मामा' हा शब्द आरशासमोर म्हणा : मिट, उघड, मिट, उघड. आता 'फळ' आणि 'फोन' म्हणा. 'फळ' म्हणताना बहुतेकांचे ओठ मिटतात, 'फोन' म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकतात. अक्षर एक, तोंडं दोन. म्हणून लिहिलेल्या शब्दावर न जाता आवाजावर जायचं. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची लहर टाइमलाइनवर दिसते का, आणि हाताने पुढे-मागे ओढली की आवाज ऐकू येतो का, हे तपासा. 'मामा' हा एक शब्द मोबाइलवर रेकॉर्ड करून आणला तरी दहा मिनिटांत कळतं.

९. सात दिवसांची पारख

दोनच सॉफ्टवेअर निवडा, पाच नको. एकावर तीन दिवस, दुसऱ्यावर तीन दिवस, काम दोन्हीकडे तेच. पहिल्या दिवशी पडून उसळणारा चेंडू. दुसऱ्या दिवशी 'मामा' म्हणणारं तोंड. तिसऱ्या दिवशी दोन्ही रंगवून फिल्म बाहेर काढणं. शेजारी कागद ठेवा आणि प्रत्येक वेळी काय शोधावं लागलं ते लिहा. "नवी फ्रेम कुठे?" हा प्रश्न तिसऱ्या दिवशीही पडत असेल तर ते सॉफ्टवेअर तुमच्या हाताचं नाही.

फिल्म बाहेर काढताना थेट व्हिडिओ काढू नका. आधी प्रत्येक फ्रेमचं वेगळं पीएनजी चित्र काढा, ०००१, ०००२ अशा क्रमाने. ७२० फ्रेमच्या फिल्ममध्ये ४०० व्या फ्रेमला वीज गेली तर व्हिडिओ पहिल्यापासून काढावा लागतो. चित्रं असतील तर ४०१ पासून पुढे. शिवाय ही चित्रं कुठल्याही एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतात, म्हणजे उद्या भांडं बदललं तरी रांधलेलं वाया जात नाही.

सातव्या दिवशी दोन्ही चेंडू शेजारी-शेजारी लावून घरातल्या कुणाला तरी दाखवा, ज्याला यातलं काही कळत नाही अशा माणसाला. आजी असेल तर उत्तम. कोणता चेंडू कोणत्या सॉफ्टवेअरमधला ते सांगू नका, फक्त विचारा, यातला रबराचा कोणता वाटतो?